स्कापा फ्लो, दोन सिलिंडर आणि ‘फक्त हवा ना?’

स्ट्रॉमनेसच्या धक्क्यावर, आमच्या बोटीच्या हवा भरायच्या कॉम्प्रेसरवर जो माणूस होता त्याने माझा डायव्हिंगचा पहिला सिलिंडर आडवा केला, सिलिंडरच्या खांद्यावरची, म्हणजे गळ्याखालच्या गोलाईवरची, मिठाची पापुद्री अंगठ्याने घासून काढली, चष्मा कपाळावर सरकवला आणि शिक्के वाचले. “हा मी भरणार नाही,” तो म्हणाला. मग दुसरा घेतला, गळ्यात अडकवलेला टॅग उलटून पाहिला. “हा भरीन. पण फक्त हवा.”

सहाशे मैलांच्या आसपास गाडी हाकून, स्क्रॅबस्टरहून दीड तासाची फेरीबोट पकडून, वाटेत ‘ओल्ड मॅन ऑफ हॉय’ हा एकशे सदतीस मीटरचा उभा सुळका पाहून आम्ही स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्क्नी बेटांवर पोचलो होतो, स्कापा फ्लोच्या पाण्यात बुडालेली जहाजं डायव्हिंग करून पाहायला. आठवडाभराची बोट ठरलेली, पैसे भरलेले. माझा डायव्हिंगचा जोडीदार मूळ वेंगुर्ल्याचा, आता बर्मिंगहॅमला असतो. तो कॉम्प्रेसरवाल्यासमोर एक शब्द बोलला नाही. बाजूला आल्यावर मात्र म्हणाला, “मेल्या, तारीख बघलंस काय रे घेताना?”

बघितली होती. तोच तर घोटाळा.

आपल्याकडे घरच्या गॅसच्या सिलिंडरवर वरच्या पट्टीवर ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि वर्ष रंगवलेलं असतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, असं. ती पुढच्या तपासणीची मुदत. आईने लहानपणापासून शिकवलेलं, की तारीख उलटली असेल तर सिलिंडर दारातूनच परत पाठवायचा. डोक्यात ते इतकं पक्कं, की सिलिंडरवरची तारीख म्हणजे मुदतीची तारीख. ब्रिटनमधल्या डायव्हिंगच्या सिलिंडरवर ठोकलेला शिक्का मात्र तपासणी कधी *झाली* ते सांगतो. पुढचं गणित आपण करायचं. आणि ते एक नाही, दोन असतात: पाण्याच्या दाबाची चाचणी पाच वर्षांनी, आणि आतून डोळ्यांनी पाहायची तपासणी अडीच वर्षांनी.

नाकारलेला हा पहिला सिलिंडर मी हिवाळ्यात एका गृहस्थाकडून जुना घेतला होता. शिक्का सप्टेंबर २०२१ चा. ते म्हणाले, “इन टेस्ट टिल ट्वेंटी-सिक्स.” खोटं नव्हतं. पाण्याची चाचणी खरोखरच सप्टेंबर २०२६ पर्यंत चालणार होती. पण आतली तपासणी मार्च २०२४ मध्ये व्हायला हवी होती, आणि आम्ही स्ट्रॉमनेसला उभे होतो जून २०२४ मध्ये. त्यांनी एका चाचणीबद्दल सांगितलं, मी दोन्हींबद्दल ऐकलं. जुना सिलिंडर घेणार असाल तर “टेस्टमध्ये आहे का?” असं विचारू नका, उत्तर नेहमी “हो”च येतं. शेवटची दाबाची चाचणी कोणत्या महिन्यात आणि शेवटची आतली तपासणी कोणत्या महिन्यात, असे दोन महिने विचारा आणि खांद्याचा फोटो मागवा. त्याच फोटोत आकडे दिसतील: माझ्या सिलिंडरवर २३२ आणि ३४८ बार (बार हे दाबाचं माप). पहिला भरण्याचा दाब, दुसरा चाचणीचा. मोठा आकडा पाहून “साडेतीनशे बारचा आहे” म्हणून विकणारेही भेटलेत.

आता दुसऱ्या सिलिंडरची गोष्ट. ती जास्त लाजिरवाणी आहे, कारण तिथे तारीख ताजी होती.

तो माझा स्वतःचा, बारा लिटरचा, स्टीलचा, नवा घेतलेला. निघायच्या तीन आठवडे आधी लेस्टरजवळच्या एका दुकानात नेला. नेण्याआधी परसात उभा राहून तो पूर्ण रिकामा केला. दुकानदाराला उगाच त्रास नको, ही आपली रीत. जवळजवळ अर्धा तास फुस्स आवाज चालला होता, शेजारीण कुंपणावरून दोनदा डोकावून गेली. काउंटरवरच्या मुलाने व्हॉल्व्ह उघडला, आवाज आला नाही, तसा त्याचा चेहरा बदलला. “पूर्ण रिकामा का? आत पाणी गेलंय का?” मी म्हटलं, तुमच्यासाठी केला. त्याला काही ते पटलं नाही. पूर्ण रिकाम्या सिलिंडरमध्ये पाणी शिरू शकतं, स्टील आतून गंजू शकतं, म्हणून थोडा दाब ठेवूनच द्यायचा असतो. नुसता भरायला नेला असता तर आतून पाहिल्याशिवाय त्यांनी भरलाच नसता. हल्ली मी वीसेक बार ठेवतो.

मग मी म्हणालो, “फुल सर्व्हिस.”

पुण्यात बाइक सर्व्हिसिंगला टाकली की ऑइल बदलतं, ब्रेक घट्ट होतो, चेन साफ होते, आणि संध्याकाळी घ्यायला गेलं की मेकॅनिक “साहेब, हॉर्नपण लावून दिलाय” असं म्हणतो. सर्व्हिस या शब्दात हे सगळं येतं. इथल्या दुकानात मुलाने वहीत लिहिलं: टेस्ट. म्हणजे व्हॉल्व्ह काढायचा, आत दिवा सोडून गंज पाहायचा, पाणी भरून दाब द्यायचा, वाळवायचा, नवी ओ-रिंग, नवा शिक्का. काम चोख. पण व्हॉल्व्ह आतून खोलून दुरुस्त करणं हे वेगळं काम, वेगळे पैसे. आणि ऑक्सिजन क्लीन करणं, म्हणजे आतला तेल-ग्रीसचा अंश काढून ऑक्सिजनसाठी सुरक्षित करणं, हे तिसरंच.

त्याने विचारलंही होतं. लिहिता लिहिता, मान वर न करता: “जस्ट एअर, इज इट?”

मी म्हणालो, “येस येस, एअर.”

यामागे माझा एक जुना राग आहे. पहिली डायव्ह मी तारकर्लीला, एमटीडीसीच्या केंद्रात केली. तिथून घरी आल्यापासून प्रत्येक लग्नात कुणीतरी काका विचारतात, “पाठीवर ऑक्सिजनचा सिलिंडर असतो ना?” आणि मी दर वेळी सांगतो, काका, ऑक्सिजन नाही, साधी हवा, तुम्ही आत्ता घेताय तीच, फक्त दाबून भरलेली. इतक्या वेळा सांगितलंय, की ‘एअर’ शब्द ऐकला की माझी मान आपोआप हलते. त्या मुलाचा प्रश्न मात्र असा होता: या सिलिंडरमध्ये साधी हवाच जाणार, की नायट्रॉक्स, म्हणजे ऑक्सिजनचं प्रमाण वाढवलेलं मिश्रण? मी हवा म्हणालो, त्याने नायट्रॉक्सचं स्टिकर सोलून काढलं, नेहमीचं ग्रीस वापरलं आणि टॅगवर लिहिलं: एअर ओन्ली. तो टॅग मी वाचलासुद्धा नाही. नवा शिक्का चकाकत होता, तेवढंच पाहिलं.

आमच्या बोटीवर नायट्रॉक्स करताना आधी सिलिंडरमध्ये शुद्ध ऑक्सिजन सोडत आणि वरून हवा भरत. दाबाखालच्या शुद्ध ऑक्सिजनला चुकीचं ग्रीस किंवा तेलाचा अंश मिळाला तर आग लागू शकते. कॉम्प्रेसरवाल्याने नाही म्हटलं ते अडवणूक म्हणून नाही, हे मलाही कळत होतं. तरी मी एकदा “पण आधी नायट्रॉक्सच भरत होतो” असं म्हणून पाहिलंच. त्याने टॅगवर बोट ठेवलं आणि चहा प्यायला गेला.

तोडगा सोपा निघाला. बोटीवरच एक सिलिंडर भाड्याने मिळाला. तारीख उलटलेला माझा आठवडाभर कोपऱ्यात पडून राहिला आणि एअर ओन्लीवाला हवेसाठी वापरला. तोटा झाला तो खाली. स्कापा फ्लोमध्ये २१ जून १९१९ रोजी ॲडमिरल फॉन रॉयटरच्या हुकमाने जर्मन आरमाराने स्वतःची जहाजं बुडवली. चौऱ्याहत्तरपैकी बावन्न तळाला गेली. बहुतेक नंतर वर काढून भंगारात गेली. आज डायव्हर ज्यासाठी येतात ती सात उरलीत: क्योनिग, क्रोनप्रिन्झ विल्हेल्म, मार्कग्राफ या तीन युद्धनौका आणि ड्रेस्डेन, ब्रुमर, क्योल्न, कार्लस्रूह या चार क्रूझर. युद्धनौका पोट वर करून उलट्या पडल्यात. नवख्याला गंजलेल्या डोंगरापलीकडे फार काही कळत नाही. क्रूझर सुंदर. ड्रेस्डेन डाव्या कुशीवर निजलेली आहे, तिच्या डेकची कड खाली उतरत जाते तशी पांढऱ्या-नारिंगी समुद्रपुष्पांनी भरलेली दिसते. पण तीस मीटरच्या पुढे साध्या हवेवर, तिच्यात नायट्रॉक्सपेक्षा नायट्रोजन जास्त असल्याने, खाली थांबायची सुरक्षित मिनिटं भराभर संपतात. जोडीदाराच्या सिलिंडरमध्ये अठ्ठावीस टक्क्यांचा नायट्रॉक्स, त्याच्याकडे वेळ शिल्लक, आणि ही मिनिटं मोजणारा माझा डायव्ह कॉम्प्युटर वर चला म्हणतोय. जोडीने उतरायचं तर जोडीनेच वर यायचं. त्याने पाण्याखाली हात जोडून दाखवला तो नमस्कार अजून डोळ्यांसमोर आहे.

(पाणी बारा अंश होतं. अंगाला पाणी लागू न देणारा ड्रायसूट हवाच. जहाजांवरून काहीही उचलायचं नाही, २००१ पासून ती संरक्षित स्मारकं आहेत. ‘रॉयल ओक’ ही ब्रिटिश युद्धनौका तर युद्धसमाधी आहे, तिथे उतरायला बंदी.)

पहिल्याच सकाळी आणखी एक संशय घेऊन बसलो होतो. लेस्टरजवळच्या दुकानातून सिलिंडर आणताना गेज २३० दाखवत होता. बोटीवर सकाळी लावला तर २०५. गळती! साबणाचं पाणी करून व्हॉल्व्हवर ओतलं, एक बुडबुडा नाही. दुकानाला फोनवर काय काय सुनवायचं ते मनात जुळवून झालं, तेव्हा जोडीदाराने बिस्किटाच्या पुड्यावर गणित मांडलं. भराभर भरला की सिलिंडर तापतो. ४५ अंशाला २३२ बार असलेली हवा ८ अंशाला आली की दाब सुमारे २०५ होतो, गळती न होता. बारा लिटरच्या सिलिंडरमागे ही तफावत सव्वातीनशे लिटर हवेची. आता मी भरलेला सिलिंडर काउंटरवर हाताने चाचपतो. गरम लागला तर “थंड झाल्यावर वरून थोडा भराल का?” असं विचारतो. बरीच दुकानं भरतात. “फुल आहे का?” असं विचारलं तर त्या क्षणी तो फुल असतोच.

तिसऱ्या दिवशी जोडीदाराला माझा सिलिंडर लागला. त्याचा रेग्युलेटर (सिलिंडरला जोडून श्वास घ्यायचं यंत्र) ए-क्लॅम्पचा, म्हणजे व्हॉल्व्हला बाहेरून पकडणारा, माझा डिनचा, म्हणजे आट्यांनी आत बसणारा. माझ्या व्हॉल्व्हमध्ये बसणारा पितळी इन्सर्ट आठ मिलिमीटरच्या ॲलन कीने लावला की क्लॅम्प बसतो, काढला की डिन. पाहतो तर इन्सर्ट नाही! मला त्याची गरज पडत नसल्याने आणल्यापासून लक्षातच आलं नव्हतं. सिलिंडर परत घेताना दुकानातच रेग्युलेटर लावून पाहावा, दोन प्रकारचे असतील तर दोन्ही. पाच मिनिटांचं काम आहे, मी केलं नाही.

परत आल्यावर तावातावाने दुकानात गेलो. जाताना गाडीत वाक्यं पाठ केली होती. मधल्या काळात इंग्रजांचं बोलणं थोडं कळायला लागलंय: “शुड बी रेडी बाय थर्सडे” म्हणजे गुरुवारी तयार असेल असं नव्हे, आणि “यू मे वाँट टू लुक ॲट दॅट व्हॉल्व्ह” म्हणजे बाबा रे, हे आजच बदल. आपलं “बघतो” जसं, तसंच. त्यामुळे मीही मोघम न बोलता मुद्दे लिहून नेले होते. इन्सर्ट, नायट्रॉक्स, गेज.

तोच मुलगा होता. मी तोंड उघडायच्या आत त्याने मागच्या फळीवर टाचणीने लावलेलं पाकीट काढलं. आत माझा इन्सर्ट. पाकिटावर तारखेसह तीन ओळी: निळा बारा लिटर, इन्सर्ट राहिला. जुनं नायट्रॉक्स स्टिकर होतं, ऑक्सिजन क्लीन हवंय का विचारणे. दोनदा फोन केला, चुकीचा नंबर.

वही काढली. नंबर मीच लिहिला होता. मी एकाच्या आकड्याला वर लांब शेंडी काढतो, तो त्याने सात वाचला होता.

मुद्द्यांचा कागद मी खिशातच ठेवला. ऑक्सिजन क्लीनसाठी सिलिंडर पुन्हा त्याच्याकडेच ठेवला, आत वीस बार. या वेळी त्याने विचारलं, “जस्ट एअर?” मी म्हटलं, नाही, नायट्रॉक्स, आणि नंबर त्याला लिहायला लावला.