निसेको: बर्फ खरा, पण 'एकच डोंगर' ही थाप

जपानच्या होक्काइदो बेटावर निसेकोला स्की करायला जाणार असाल तर आधी एक ऐका. तिथल्या चारही रिसॉर्टचा लिफ्ट-पास डोळे झाकून घेऊ नका. चार रिसॉर्ट, एक डोंगर, एक पास, मनात येईल तिकडे जा, अशी जाहिरात सगळीकडे असते. नकाशावर पाहिलं तर ती खोटीही नाही. ग्रँड हिराफू, हानाझोनो, निसेको व्हिलेज आणि अन्नुपुरी ही चारही रिसॉर्ट निसेको-अन्नुपुरी या एकाच डोंगराच्या अंगावर आहेत आणि वरून एकमेकांना जोडलेली आहेत. गोम त्या 'वरून' मध्येच आहे. वर वारा असतो. वारा वाढला की वरच्या लिफ्ट बंद होतात, एका डोंगराचे चार होतात आणि तुम्ही आपल्या हॉटेलपासून भलत्याच पायथ्याशी स्की खांद्यावर घेऊन उभे राहता.

डोंगराची उंची १,३०८ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर आहे. गुलमर्गच्या गोंडोलाचा दुसरा टप्पा माणसाला ३,९०० मीटरच्या वर नेऊन सोडतो, त्यामुळे तिथे स्कीचा कोर्स केलेली मंडळी निसेकोचा आकडा वाचून नाक मुरडतात. मुरडू नये. इथे उंचीने धाप लागत नाही, पण हवामान डोकं फिरवतं. हिवाळ्यात सैबेरियाकडून थंड, कोरडा वारा सुटतो, जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प उचलतो आणि होक्काइदोच्या पश्चिमेकडच्या डोंगरांवर ते सगळं ओततो. हंगामभरात सरासरी १५ मीटरच्या आसपास बर्फ पडतो. तो इतका हलका असतो की मुठीत घेऊन त्याचा गोळा वळत नाही. आता जो वारा हा बर्फ आणतो तोच वरच्या लिफ्टच्या खुर्च्या बंद पाडतो, हे ब्रोशरमध्ये कोणी लिहीत नाही. म्हणजे पावडर, हा हलका ताजा बर्फ, सर्वांत छान असेल त्या दिवशीच चार रिसॉर्टमधली ये-जा तुटण्याची शक्यता सर्वांत जास्त. आणि तुम्ही दिवसाला दहा हजार येनच्या वर मोजून पास आधीच घेतलेला असतो. शंभर येन म्हणजे साठ रुपयांच्या आतबाहेर धरा आणि करा हिशेब.

आम्ही तिघं होतो. मी, बायको आणि टोकियोत निशी-कासाईला राहणारा माझा मावसभाऊ. आम्ही दोघं स्कीवर, तो स्नोबोर्डवर. सकाळी हिराफूहून निघालो, व्हिलेज ओलांडून अन्नुपुरीला पोहोचलो, सगळं लोण्यासारखं. अन्नुपुरीचे उतार रुंद आणि सोपे आहेत, गर्दी कमी. तिथे मजा आली, त्याबद्दल अजून काय सांगू. दुपारी जेवून बाहेर आलो तेव्हा झाडांचे शेंडे हलायला लागले होते. तिथल्या कर्मचाऱ्याला हिराफूला परत जायचं आहे असं सांगितलं, तर त्याने घड्याळ पाहिलं, आकाश पाहिलं आणि नुसताच 'लवकर' म्हणाला.

अन्नुपुरीच्या वरच्या खुर्चीवरून उतरून व्हिलेजकडे यायची जी आडवी वाट आहे, तिच्याबद्दल मला इथे सविस्तर लिहायचंच आहे, कारण जाण्याआधी मी जे काही वाचलं त्यात तिचा उल्लेख 'सोपी जोडवाट' एवढाच होता. सोपी कसली! ताज्या बर्फात ती जवळजवळ सपाट होते. उतार इतका कमी की वेग आपोआप मरतो, आणि एकदा मेला की परत येत नाही. स्कीवाल्यांना पोल (हातातल्या काठ्या) मारत, स्केटिंग करत पुढे सरकता येतं. दंडांची पार वाट लागते, पण सरकता येतं. बोर्डवाल्याने एक पाय सोडवून ढकलायचं म्हटलं तर तो पाय मांडीपर्यंत आत. भाऊ दोनदा आडवा झाला, मग म्हणाला, "दादा, तुझा एक पोल दे." दिला. पुढे मी एका पोलवर, तो एका पोलवर, आणि वारा समोरून. गॉगलवर बर्फाचा थर, दहा फुटांपलीकडे पांढरं आणि पांढरंच. बायको पुढे होती, ती वाटेवर खुणेसाठी रोवलेल्या काठ्या पाहत पाहत जात होती आणि आम्ही तिचं लाल जाकीट पाहत.

या पट्ट्यासाठी सल्ला एवढाच. वाट सुरू होण्याआधी जिथे उतार आहे तिथे ब्रेक लावू नका, मिळेल तो सगळा वेग घेऊन आत शिरा. वाटेच्या वरच्या अंगाला राहा. फोटो काढायला थांबू नका. पुढचा पडला तर बाजूने काढा, मागे उभे राहाल तर दोघंही अडकाल. खालच्या बाजूला मोह पडेल असा कोरा उतार दिसतो. दोरी ओलांडून तिकडे अजिबात जायचं नाही. 'निसेको रूल्स' म्हणून इथे नियम आहेत. युनोसावा आणि हारु-नो-ताकी हे भाग कायमचे बंद आहेत, कारण तिथे हिमस्खलनं होतात आणि माणसं गेलेली आहेत. दोरीखालून गेलात तर पास काढून घेतात, आणि योग्यच करतात. आणि सोबत कोणी बोर्डवर असेल तर त्याच्या बॅगेत घडीचा पोल असलाच पाहिजे. हा माझा आग्रह समजा.

एवढं करून व्हिलेजच्या हद्दीत आलो तर हिराफूकडे नेणारी वरची लिफ्ट बंद. खुर्च्या हिंदकळत होत्या, समोर दोरी लावलेली. गुमान खाली उतरलो. पायथ्याशी शटल बससाठी रांग होती आणि रांगेतल्या प्रत्येकाची कथा आमच्यासारखीच. आलेली बस भरून गेली, पुढची यायला वेळ. जानेवारीत इथे साडेचारच्या आसपास सूर्य मावळतो. घामाने भिजलेले आतले कपडे थंड पडायला लागले की माणूस शहाणपणाने विचार करत नाही, आणि नेमक्या त्याच क्षणी एक व्हॅनवाला येऊन 'हिराफू?' असं विचारतो. अंतर पाच-सहा किलोमीटर. त्याने सांगितले नऊ हजार येन. म्हणजे पाच हजार रुपयांच्या वर! भावाने जपानीत घासाघीस केली, तो ढिम्म. बायकोचे ओठ निळे पडायला लागले होते, आम्ही दिले.

नंतर भावाने समजावलं ते तुम्ही आधीच लक्षात ठेवा. जपानमध्ये परवाना असलेल्या टॅक्सीची नंबरप्लेट हिरवी असते. पांढरी प्लेट म्हणजे खासगी गाडी. तिला मीटर नाही, प्रवासी वाहतुकीचा विमा नाही आणि भाव तुमच्या चेहऱ्यावरून ठरतो. टॅक्सीचा तुटवडा मात्र खरा आहे. २०२३-२४ च्या हंगामात तर साप्पोरो आणि टोकियोहून गाड्या आणि चालक इथे आणावे लागले होते. तेव्हा संध्याकाळी हात केला की टॅक्सी थांबेल या भरवशावर राहू नका. रेस्टॉरंटचं बुकिंग करतानाच परतीची गाडीही सांगून ठेवा, नाहीतर पायी जाता येईल तिथेच जेवा.

माझा निकाल असा. पास एकाच रिसॉर्टचा घ्या आणि त्याच रिसॉर्टच्या पायथ्याशी राहा. थोडंफार स्की येतं आणि शांतता हवी, तर अन्नुपुरी. झाडांमधून स्की करायची आहे आणि रात्रीही सुटायचं आहे, तर हिराफू. तिथे दिव्यांच्या उजेडात बर्च झाडांमधून जाण्यासारखं सुख नाही. चारही रिसॉर्टचा पास फक्त त्या दिवसापुरता घ्या ज्या दिवशी सकाळी साइटवर वरच्या सगळ्या लिफ्ट चालू दिसतील आणि अंदाजात वारा नसेल. असा दिवस आला तरी दुपारी दीडच्या आत आपल्या बाजूला परत या. जेवणही आपल्याच बाजूला.

माथ्याबद्दलही खूप फुगवून लिहिलेलं असतं. हिराफूच्या सर्वांत वरच्या लिफ्टची खुर्ची एकट्याची, पुढे दांडा नाही; वाऱ्यात ती हलते तेव्हा मी उगाच मारुतीस्तोत्र म्हणत होतो. तिथून रिसॉर्टच्या हद्दीबाहेर सोडणारं गेट उघडं असेल तर बूट रोवत साधारण अर्धा तास चढून शिखर. गेट पावडरच्या दिवशी उशिरा उघडतं किंवा उघडतच नाही, आणि लोक तासन् तास रांग लावून थंडीत कुडकुडतात. त्या वेळात खाली झाडांमध्ये चार फेऱ्या होतात. गेटबाहेर जायचंच असेल तर बीकन (बर्फाखाली गाडलेल्याचा माग काढणारं यंत्र), शॉवेल (फावडं), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि ते वापरायची सवय हवी. रोज सकाळी हिमस्खलनाची माहिती प्रसिद्ध होते, ती वाचूनच निघा. झाडांमध्ये एकट्याने जाऊ नका. खोडाभोवतीच्या भुसभुशीत खड्ड्यात डोक्यावर पडलात तर स्वतःहून निघता येत नाही. शिट्टी गळ्यात, बॅगेत नाही.

गॉगलला गडद काच आणू नका. पिवळट किंवा गुलाबी काच आणा. समोरचा योतेई पर्वत, १,८९८ मीटर, फोटोत रोज दिसतो, प्रत्यक्षात ढगातच असतो. आम्हाला तो हानाझोनोला असताना दिसला. हानाझोनोचे दिवस फारच छान गेले, तिथे जा.

खाण्यात लुटतात, सरळ लुटतात. डोंगरावरच्या एका उपाहारगृहात कात्सू करीच्या (तळलेलं मांस, करी आणि भात) एका ताटाला तीन हजार येनच्या वर, आणि भात आपल्या मुलांच्या डब्याएवढा. खाली सेइकोमार्ट आहे, होक्काइदोचं स्वतःचं दुकान. तिथे गरम जेवणाचा कोपरा असतो, भाताच्या मोठ्या मुठी (दाबून वळलेले गोळे), तळलेलं चिकन, सगळं निम्म्याहून कमी भावात. सकाळीच घ्या आणि जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवा, बाहेरच्या खिशात दगड होतो. शाकाहारी असाल तर उमेबोशीची (खारवलेलं आंबट फळ) किंवा कोंबूची (समुद्री शेवाळ) मूठ मागा. सूप आणि नूडल्स 'भाज्यांचे' म्हटले तरी रश्शात बहुतेक वेळा मासा असतो.

बजेट आवळायचं असेल तर हिराफूऐवजी कुच्चान गावात राहा. खोल्या स्वस्त, सुपरमार्केट खरं, माणसं जपानी. हिराफूत ऑस्ट्रेलियन इंग्रजी जास्त ऐकू येतं. बिलात राहण्याचा कर वेगळा लागतो. कुच्चानने तो २०१९ च्या नोव्हेंबरात दोन टक्क्यांनी सुरू केला, बुकिंगच्या आकड्यात तो धरलेला आहे का ते बघा.

रेल्वेने येणार असाल तर हिराफू स्टेशनचं तिकीट काढू नका. नावाला फसून लोक तिथे उतरतात. ते रिसॉर्टपासून लांब, बाहेर ना टॅक्सी ना दुकान. कुच्चानला उतरा. ओतारूला गाडी बदलावी लागते आणि पुढची डिझेल गाडी लहान असते, स्कीच्या पिशव्यांनी दरवाजे अडतात, तेव्हा ओतारूला फलाटावर लवकर उभे राहा. सामान जास्त असेल तर शिन-चितोसे विमानतळावरून थेट बसच बरी. तीन तास धरा. नाकायामा खिंडीत बस थांबली तर आगे-इमो, काडीला लावलेले तळलेले बटाटे, घ्या. अख्ख्या सहलीत किमतीच्या मानाने सर्वांत चांगलं खाल्लं ते हेच.

परतीचं विमान सकाळचं घेऊ नका. हिमवादळात खिंडीचा रस्ता रखडतो आणि विमानंही. टोकियोहून मुंबईचं विमान त्याच दिवशी पकडायचा बेत असेल तर तो आत्ताच मोडा, एक रात्र साप्पोरोत नाहीतर टोकियोत धरा.