तुम्ही विचारलंत म्हणून: हॅशचा बटाटा कुरकुरीत कसा होतो?

“हॅश म्हणजे आपल्या काचऱ्याच ना? मग आमच्या बटाट्याचा लगदा का होतो?” बॉस्टनजवळ राहणाऱ्या मराठी मैत्रिणींपासून पुण्याच्या वहिनींपर्यंत सगळ्या मला हे विचारतात. तर नीट सांगते. हॅश म्हणजे शिजलेला बटाटा आणि मांस चिरून, पॅनमध्ये दाबून खरपूस केलेला अमेरिकी पदार्थ.

काचऱ्या कच्च्या बटाट्याच्या. फोडणीत टाकायच्या, झाकण ठेवून वाफ काढायची, मधूनमधून परतायच्या. आपला हात या सवयीत तयार झालेला असतो आणि हॅश बिघडतं ते तिथेच. त्याला बटाटा आधी शिजलेला लागतो, शक्यतो आदल्या दिवशीचा. आणि एकदा तव्यावर पसरला की त्याला हात लावायचा नाही.

मुळात हा उरलेल्या जेवणाचाच पदार्थ. इकडे अमेरिकेत १७ मार्चला, सेंट पॅट्रिक्स डे या आयरिश सणाला, अनेक घरांत कॉर्न्ड बीफ शिजतं. मिठाच्या पाण्यात बरेच दिवस मुरवलेलं छातीकडचं मांस, सोबत कोबी, गाजर, बटाटे. दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेलं मांस आणि बटाटे चिरून पॅनमध्ये दाबले की झालं हॅश. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी तेच टर्कीचं. उकडलेला बटाटा रात्रभर फ्रिजमध्ये राहिला की त्यातला स्टार्च घट्ट होतो, फोडी मोडत नाहीत, आणि झाकला नसेल तर वरून सुकतोही. हे सुकणं फार महत्त्वाचं. ओल आहे तोवर बटाट्याचं अंग १०० अंशांच्या वर तापत नाही, आणि खरपूस रंग चांगला धरायला साधारण १४० अंश सेल्सिअस लागतात. झाकणाखाली जमलेली वाफ पुन्हा पॅनमध्येच टपकते, मग रंग यायचा कुठून?

शिळा बटाटा नसेल तर सेंटिमीटरभर फोडी करून मिठाच्या पाण्यात उकडा आणि त्यात चमचाभर व्हिनेगर घाला. आंबट पाण्यात फोडींच्या कडा विरघळत नाहीत. मग निथळून ताटात पसरा आणि वाफ पूर्ण जाऊ द्या. बटाटा जुना घ्या, नव्यात पाणी जास्त. इकडे मी रसेट किंवा युकॉन गोल्ड या जातीचे बटाटे वापरते.

अर्धा किलो बटाट्याला बारा इंची बिडाचं पॅन हवं. लहान पॅनमध्ये ढीग होतो आणि ढिगात वाफच होते. कांदा आणि ढोबळी मिरची आधी परतून बाजूला काढा, नाहीतर बटाटा लाल होईपर्यंत कांदा करपतो. तीन मोठे चमचे तेल चांगलं तापवा, बटाटे पसरा, कांदा-मिरची आणि हवं ते मांस मिसळा, उलथन्याने दाबा. मीठ जपून, कॉर्न्ड बीफ मुळातच खारट असतं. आता मध्यम आचेवर पाच-सहा मिनिटं नुसतं ऐका. चुरचुर चालू राहिली पाहिजे. मग पॅनच्या तळापासून खरवडून एकेक भाग उलटा आणि पुन्हा दाबा. असं दोन-तीनदा. भाताच्या तळाची खरवड आपण भांडून खातो ना, हॅश म्हणजे सगळीच खरवड. ती धरू दिली नाही तर खाली उरते फक्त परतलेली भाजी.

झाकणाला एकच जागा आहे: अंडं. हॅशमध्ये आळं करून अंडं फोडा आणि पांढरं धरेपर्यंत, दोनेक मिनिटं झाका. पिवळा बलक वाहता राहू द्या, त्याच्याशिवाय हॅश कोरडं लागतं. रात्रीच्या जेवणाला मी हेच करते, फक्त सोबत लिंबू पिळलेली काकडी-कोबीची कोशिंबीर असते. मांस नको असेल तर मशरूम घ्या, पण त्यांचं पाणी आधी पूर्ण आटवा.

फोडणी चालेल का, हेही विचारता. सुरुवातीच्या तेलात मोहरी-जिरं घातलं तर इतक्या वेळात ते करपतं आणि कडू होतं. भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि कोथिंबीर शेवटी भुरभुरा, छान लागतं.

न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे बॉस्टनच्या आसपासच्या ईशान्य अमेरिकेत, उकडलेलं बीट घालून लालबुंद हॅश करतात, त्याला रेड फ्लॅनेल हॅश म्हणतात. माझं सगळ्यात आवडतं तेच. फक्त बीटात साखर भरपूर असते, म्हणून त्याच्या फोडी बटाटा एका बाजूने लाल झाल्यावरच घाला.