पडले, पण कुठून?

फोंडा तालुक्यातील ज्या रुग्णालयाच्या अभिलेख विभागात मी काम करते, तिथे रुग्ण घरी गेला की त्याची फाईल माझ्याकडे येते आणि तिच्यातील प्रत्येक निदानाला आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातील संकेतांक द्यावा लागतो. आपल्या देशाची मृत्युकारणांची राष्ट्रीय यादीही याच वर्गीकरणावर बेतलेली आहे. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आलेली एक फाईल मात्र मी विसरू शकत नाही.

कंबरेच्या पहिल्या मणक्याचा अस्थिभंग आणि मज्जारज्जूला इजा, असे निदान स्पष्ट लिहिले होते. एस ३२.० आणि एस ३४.१ हे संकेतांक लगेच मिळाले. कारण म्हणून फक्त 'पडल्यामुळे' असे होते. काय मोडले हे दुखापतीचा संकेतांक सांगतो. कशामुळे मोडले, हे वर्गीकरणाच्या विसाव्या प्रकरणातील बाह्य कारणांवरूनच कळते. नुसत्या 'पडल्यामुळे' या नोंदीला डब्ल्यू १९, म्हणजे तपशील नसलेले पडणे, हा संकेतांक द्यावा लागतो, आणि न्हाणीत तोल गेलेल्या आजींची अपुरी नोंदही तिथेच जाते.

पाने उलटताना परिचारिकेच्या टिपणात ओळ दिसली: 'कुळागरात मजुरीवर नारळ पाडताना माडावरून पडले, पाय हलत नाहीत.' कुळागर म्हणजे माड-पोफळीची बाग, आणि रुग्ण पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारे होते. आमच्याकडे संकेतांक डॉक्टरांच्या नोंदीवरूनच देण्याची शिस्त असल्यामुळे मी फाईल घेऊन वॉर्डात गेले.

"डॉक्टर, हे माडावरून पडल्याचे डिस्चार्जच्या सारांशात यायला हवे."

"उपचारात त्याने काय फरक पडणार?"

"उपचारात नाही, पण मोजणीत पडेल. नाहीतर माडावरून किती पाडेली पडले, हे कोणालाच सांगता येणार नाही."

डॉक्टरांनी क्षणभर टिपण वाचले, सारांशात भर घातली आणि खाली सही केली. मग मी वर्गीकरणाच्या तिसऱ्या खंडातील अनुक्रमणिकेत शोधून पहिल्या खंडात पडताळले: झाडावरून पडणे डब्ल्यू १४, घटनास्थळ शेती म्हणून चौथा अंक ७, आणि उत्पन्नासाठी काम करत असल्यामुळे कृतीचा अंक २. ज्यांच्या अपघाताची दखल सहसा कोणी घेत नाही, अशा कष्टकऱ्याचे काम त्या एका अंकामुळे नोंदीत आले, याचे मला फार मोल वाटते.

आता दुखापतीच्या अपुऱ्या फाईलींना मी कुठून, कुठे आणि काय करताना, अशा तीन प्रश्नांची चिठ्ठी लावून परत पाठवते. काही डॉक्टर वैतागतात, पण बहुतेक जण लिहून देतात.