छत्रीचा खर्च: आमच्या छोट्या फर्मची वाटचाल

आमच्या ऑफिसात पहिल्यांदा येणारा माणूस हमखास विचारतो, "काय, बाजार वर जाणार की खाली?" मी म्हणतो, "ठाऊक नाही." त्याला वाटतं मी सांगायचं टाळतोय. पण खरंच ठाऊक नसतं. शेअरबाजार कुठे जाईल यावर आमचं पोट नाही, तो किती हलेल यावर आहे.

मी या धंद्यात शिरलो १९९७ साली, फोर्टातल्या एका दलालाच्या ऑफिसात. बदल्याचे, म्हणजे सौद्याचा हिशेब पुढच्या खेपेला ढकलत राहण्याच्या पद्धतीचे, दिवस होते. तिथले एक म्हातारे गुजराती काका दुपारच्या चहाला जुन्या तेजी-मंदीच्या सौद्यांच्या गोष्टी सांगायचे. हे सौदे म्हणजे आजचे ऑप्शन: तेजी म्हणजे कॉल, ठरलेल्या भावाला विकत घेण्याचा हक्क; मंदी म्हणजे पुट, ठरलेल्या भावाला विकण्याचा हक्क. "लावणारा पैसे देतो आणि झोपतो, खाणारा पैसे घेतो आणि जागतो," हे त्यांचं पालुपद. लावणारा म्हणजे तो हक्क विकत घेणारा, खाणारा म्हणजे विकणारा. रोखे व्यवहारांच्या १९५६ च्या कायद्यातल्या कलम २० ने ऑप्शनवर बंदी घातली होती. ती १९९५ साली उठली, पण निफ्टी या निर्देशांकाचे ऑप्शन एनएसईवर (नॅशनल स्टॉक एक्स्चेंजवर) यायला जून २००१ उजाडला. पुढच्याच महिन्यात, २ जुलैला, बदला बंद झाला. काका निवृत्त झाले आणि मी खाणाऱ्यांच्या बाजूला गेलो.

२००६ साली मेव्हणा आणि मी स्वतःचं सुरू केलं. ठाण्यात नौपाड्यात, एका पोळी-भाजी केंद्राच्या वरची खोली. दोन कॉम्प्युटर, एक इन्व्हर्टर, सतरा लाख रुपये. त्यात माझा पीएफ होता आणि मेव्हण्याच्या कोकणातल्या जमिनीचा वाटा. दुसऱ्याचा एक रुपयाही नाही. तो नियम आजही आहे, कारण लोकांचा पैसा सांभाळायचा तर सेबीची, म्हणजे बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेची, वेगळी नोंदणी लागते आणि वेगळं काळीजही लागतं.

काम सोपं दिसायचं. निफ्टीच्या वरचा एक कॉल विकायचा, खालचा एक पुट विकायचा. महिनाअखेरपर्यंत बाजार मधे राहिला की दोन्हीकडचा प्रीमियम, म्हणजे लावणाऱ्याने दिलेले पैसे, आपला. विम्याचे हप्ते गोळा करण्यासारखं. महिन्यामागून महिने हप्ते येत राहतात आणि माणसाला वाटायला लागतं, की हा आपला पगारच आहे.

जानेवारी २००८ मध्ये बाजार कोसळला. २१ तारखेला सेन्सेक्स १४०८ अंकांनी पडला, २२ ला सकाळी उघडताच तासभर व्यवहार बंद. त्या आठवड्यात आमचे सौदे जवळजवळ नव्हतेच, कारण मेव्हण्याच्या मुलीचं बारसं गावी होतं आणि आम्ही दोघंही तिकडे. त्या योगायोगाला आम्ही आमची हुशारी समजलो. धडा मात्र घेतला, तोही अर्धाच: धोका खालून येतो. म्हणून त्यानंतर दर महिन्याला विकलेल्या पुटच्या खाली एक लांबचा, म्हणजे बाजारापासून बराच खालच्या भावाचा, स्वस्त पुट विकत घ्यायचो. कॉलची बाजू उघडीच. बाजार वर जाताना हळूहळू जातो, तेव्हा सावरायला वेळ मिळतो, असं आमचं गणित.

मे २००९. लोकसभेच्या निकालामुळे प्रीमियम फुगलेले. शुक्रवारी, १५ तारखेला, निफ्टी ३६७१ वर बंद झाला. आमच्याकडे ४००० चे कॉल विकलेले, चाळीस लॉट (ठरावीक संख्येचे गठ्ठे), साठेक रुपयांनी. शनिवारी निकाल लागला. रविवारी मी दिवसभर टीव्ही पाहिला आणि संध्याकाळी मेव्हण्याला फोन केला. तो म्हणाला, "भावजी, उद्या उघडल्या उघडल्या कापू."

तेव्हा बाजार ९:५५ ला उघडायचा. सोमवारी मी बोट एंटरवर ठेवूनच बसलो होतो. ९:५५ झाले, पडद्यावर आकडे एकदा उडाले आणि सगळं थिजलं. वरचं सर्किट: भाव ठरलेल्या मर्यादेच्या वर गेले की व्यवहार थांबवतात. मी ऑर्डर टाकतोय, ती परत येतेय. खालून फोडणीचा वास येत होता, तो अजून आठवतो. दोन तास बंद. ११:५५ ला पुन्हा उघडला आणि पुन्हा सर्किट, या वेळी दिवसभरासाठी. निफ्टी ४३२३. एका दिवसात सतरा टक्क्यांच्या वर, आणि आम्हाला एकही कॉल परत घेता आला नाही. मंगळवारी घेतले. पुटचे मिळालेले पैसे वजा जाता पावणेपाच लाख गेले. जे लांबचे पुट आम्ही शहाणपणाने घेतले होते, त्यांची किंमत पाच पैसे.

घरी जाताना मेव्हणा म्हणाला, "छत्री घेतली होती आपण. पण पाऊस आडवा आला."

तेव्हापासून हिशेबाच्या वहीत 'छत्री' नावाचा रकाना आहे. विकलेल्या प्रत्येक लॉटमागे दोन्ही बाजूंना लांबचे ऑप्शन विकत घ्यायचे. त्यात हप्त्यातला पाचवा-सहावा हिस्सा जातो, आणि बहुतेक महिने तो वायाच जातो. आमचे सीए दरवर्षी त्या रकान्यावर पेन टेकवून विचारतात, "हे चालूच ठेवणार का?"

मार्च २०२० मध्ये त्यांनी विचारलं नाही. जानेवारीत निफ्टी बारा हजारांच्या वर असताना घेतलेले ११००० चे पुट होते. २३ मार्चला निफ्टी ७६१० वर बंद झाला, तेरा टक्के खाली. आदल्या रात्रीपासून लोकल बंद, मी घरी डायनिंग टेबलावर. इंडिया व्हिक्स, म्हणजे बाजार किती हलेल याची भीती मोजणारा आकडा, दुसऱ्या दिवशी ८० च्या वर. आमच्या हातात मात्र तेव्हा थोडेच पुट उरले होते, बाकीचे ९५०० च्या आसपास विकून आम्ही अर्ध्या वाटेत उतरलो होतो. लोक याला दूरदृष्टी म्हणतात. मी गप्प बसतो.

मधल्या काळात बँक निफ्टीचे (बँकांच्या शेअरच्या निर्देशांकाचे) साप्ताहिक, म्हणजे दर गुरुवारी मुदत संपणारे, ऑप्शन आले (२०१६), मग निफ्टीचे (२०१९), आणि धंदा महिन्याचा न राहता गुरुवारचा झाला. पायथॉन येणारी एक मुलगी घेतली. तिने पहिल्याच आठवड्यात माझी एक्सेलची फाइल निवृत्त केली. व्हिक्सला १६ ने भागलं की बाजार दिवसाला साधारण किती टक्के हलेल याचा अंदाज मिळतो, हे मी तिला कौतुकाने सांगायला गेलो, तर म्हणाली, "२५२ चं वर्गमूळ, काका."

४ जून २०२४ ला, लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, निफ्टी सहा टक्क्यांच्या जवळ पडला. आम्ही निम्म्या आकाराने होतो आणि दोन्ही छत्र्या उघड्या. त्या दिवशी थोडं गेलं. कमाई झाली ५ जूनला, निकालाची भीती ओसरून व्हिक्स २० च्या आत आला आणि आम्ही विकलेले ऑप्शन स्वस्त झाले तेव्हा.

त्याच वर्षी सेबीचा अहवाल आला: तीन वर्षांत वायद्यांत उतरलेल्या सामान्य लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात. नोव्हेंबरपासून प्रत्येक एक्स्चेंजला एकाच निर्देशांकाची साप्ताहिक एक्स्पायरी (मुदत संपण्याचा दिवस) उरली. बँक निफ्टीची साप्ताहिक गेली आणि आमची निम्मी उलाढाल गेली. नियम बरोबर होता. माझ्या पुतण्याने त्याआधी बाइकचे पैसे घालवले होते, घरात बसून, मला न विचारता.

आता निफ्टीची एक्स्पायरी मंगळवारी असते. काल मेव्हणा म्हणाला, लांबचे कॉल फार स्वस्त झालेत, दुप्पट घेऊ. मी म्हटलं, स्वस्त आहेत म्हणून दोन छत्र्या घेऊन कोणी फिरतं का? त्याने वही पुढे सरकवली आणि मे २००९ चं पान उघडलं. अजून ठरलेलं नाही.