तो कॅमेरा खाली का ठेवत नाही?

राक्षस समोर उभा आहे, इमारती कोसळताहेत, मित्र जिवाच्या आकांताने हाका मारतोय, आणि हा बाबा कॅमेरा घट्ट धरून पळतोय. फाउंड फुटेज छापाच्या, म्हणजे पात्रांनीच शूट केलेली फीत मागाहून सापडली असं भासवणाऱ्या भयपटांवरचा नेहमीचा आक्षेप हाच, की जीव वाचवायचा सोडून शूटिंग कसलं करतोस? माझी पुण्याची मावसबहीण तर एवढ्यावरून चिडून असा सिनेमा अर्ध्यात बंद करते. आम्हा बडोदेकरांना हा प्रश्न पडत नाही. आम्ही विश्वामित्री नदीचे पूर पाहिलेत.

ऑगस्ट 2024 मध्ये नदी शहरात शिरली आणि तिच्यातल्या मगरीही शिरल्या. शहरातल्या अकोटा भागात घराच्या छपरावर चढून बसलेली मगर साऱ्या देशाने पाहिली. दोघे जण चक्क स्कूटरवर मगर आडवी घेऊन वनखात्याकडे निघाले, तेही कुणीतरी टिपलंच. त्याआधी 2019 च्या पुरात, पाणी भरलेल्या रस्त्यावर कुत्र्यांच्या मागावर निघालेली मगर व्हिडिओतून अशीच घरोघरी पोचली होती. हे टिपणाऱ्यांतल्या एकानेही मोबाइल खाली ठेवला नाही. आमच्या शेजारचे काका गॅलरीत उभे, एका हातात फोन, दुसऱ्या हाताने नातवाची कॉलर धरलेली. "काका, आत या हो," म्हटलं, तर म्हणे, "थांब गं, आत्ता डोकं वर काढील."

आणि त्या क्लिपांमध्ये मगर दिसते तरी किती? गढूळ पाण्यावर डोळ्यांचे दोन उंचवटे, पुढे नाकाडाचं टोक. मग हात हलतो आणि कठडा, कुणाचं तरी कोपर, आभाळ. खरी धडकी भरवतात ते आवाज. खालच्या मजल्यावरून गुजरातीत "जो जो, पेलो जाय!" (बघ बघ, तो चालला!) आणि त्यावर कुणा वहिनींचं "अगबाई, पोरांना आत घ्या आधी!" हीच मगर थंडीत आमच्या बडोद्यातल्या काळाघोड्याच्या पुलाखाली काठावर ऊन खात पडलेली असते. तेव्हा लोक कठड्याला टेकून शेंगा खात तिच्याकडे ओंडक्याकडे बघावं तसं बघतात आणि आपल्या वाटेने जातात. अख्खी दिसते ना, म्हणून.

हे गणित 1999 च्या 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'वाल्यांना पक्कं ठाऊक होतं. चेटकीण त्यांनी शेवटपर्यंत दाखवलीच नाही. मेरीलँडच्या जंगलात तीन नटांच्याच हाती कॅमेरे दिले, रात्री तंबूबाहेर आवाज केले, आणि रोज खाणं थोडं थोडं कमी करत नेलं. पडद्यावरची चिडचिड निम्मी भुकेची आहे! मला तरी हा सिनेमा भुतापेक्षा रस्ता चुकलेल्या, एकमेकांवर वैतागलेल्या माणसांचाच जास्त वाटतो.

राक्षस दाखवायचाच, तर 'क्लोव्हरफील्ड'सारखा. 2008 च्या या सिनेमात न्यूयॉर्क तुडवणारं ते धूड बराच वेळ तुकड्यातुकड्यांनीच दिसतं. कॅमेरा इतका हलतो, की काही थिएटरांनी मळमळेल म्हणून पाट्या लावल्या होत्या. पण त्यातली खरी करामत टेपची. जुन्या टेपवरच नवीन शूटिंग झालेलं असतं, त्यामुळे मधूनच खालचा एक सुखाचा दिवस वर येतो. दोघं फिरायला गेलेली, हसताहेत. लगेच पुन्हा धूर आणि किंकाळ्या. पोटात खड्डा पडतो तो त्या हसण्याने.

नॉर्वेचा 'ट्रोलहंटर' (2010) याच्या अगदी उलट. तिथे सरकारी नोकरीतला एक कंटाळलेला माणूस अजस्र ट्रोल, म्हणजे तिकडच्या लोककथांतले राक्षस, मारतो आणि मग निमूटपणे त्याचा फॉर्म भरतो. हसू येतं, पण ट्रोल खरा वाटायला लागतो तो त्या फॉर्ममुळे. आमच्याकडे मगर पकडणारी मुलं असतात ना, तशीच. फोनवर आपण थरथरत सांगत असतो आणि पलीकडून शांत आवाजात प्रश्न येतो, "किती फुटी आहे, काकी?" मग येतात, डोळ्यांवर ओलं पोतं टाकतात, जबडा दोरीने बांधतात, पिंजऱ्यात घालतात आणि पुढच्या सोसायटीत जातात. चहासुद्धा घेत नाहीत.

या सिनेमांना सुरुवातीला एक पाटी लागते, की ही फीत अमुक ठिकाणी सापडली. 'क्लोव्हरफील्ड'मध्ये ती अमेरिकेच्या संरक्षण खात्याची आहे. आमच्या क्लिपांवर 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेला' एवढंच असतं, आणि भाबड्या माणसाला तेवढं पुरतं. मुरलेला बडोदेकर मात्र आधी दुकानांच्या पाट्या वाचतो, मग कान देऊन ओरडणाऱ्यांची भाषा ऐकतो. कारण प्रत्येक पुरात कुठल्या कुठल्या गावचे जुने व्हिडिओ आमच्या नावावर खपतात. उलटही होतं. काकांची ती क्लिप फिरत फिरत शेवटी माझ्याकडेच आली. नातवाला दिलेला दम जसाच्या तसा, अस्सल मराठीत, आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं: 'सुरतेत मगरीचा थरार.' काका अजून खुलासे पाठवताहेत.