अकरा केव्हीवरचे पाहुणे

ऑक्टोबर लागला की पक्षी बघणारी मंडळी किनाऱ्याकडे धावतात. थवे तिथे असतात आणि फोटोही छान येतात. मी त्या दिवसांत सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या उघड्या माळावर असतो. हौस म्हणून नव्हे. परतीच्या पावसात विजा कडाडल्या की फीडर, म्हणजे गावांना वीज नेणारी वाहिनी, ट्रिप होऊन बंद पडतो, कुठेतरी तार पेलणारा पिन इन्सुलेटर पंक्चर झालेला असतो आणि तो शोधायला लाइनीखालून चालत जावं लागतं. देवगड तालुक्यातल्या कातळावरून अकरा केव्हीची, म्हणजे अकरा हजार व्होल्टची लाइन नजर पोचेल तिथवर सरळ जाते. वाटेत झाड नाही, सावली नाही. नुसते खांब, तारा आणि तारांवर बसलेली पाखरं. वायरमनला वर बघायचाच पगार मिळतो, त्यात दुर्बीण गळ्यात अडकवली की झालं.

इतकी वर्षं या लाइनीखाली घालवून माझं एक मत पक्कं झालंय. कोकणात 'दुर्मीळ' म्हणून नोंदले जाणारे बरेचसे पक्षी खरं तर तेवढे दुर्मीळ नाहीत. ते थोडे दिवस येतात, भर उन्हात उघड्यावर बसतात, आणि तेव्हा तिथे बघायला कोणी नसतं. दुपारी बारा वाजता सड्यावर जाणार कोण? एक वायरमन, नाहीतर एखादा गुराखी.

माझा सगळ्यात आवडता पाहुणा म्हणजे युरोपियन नीलपंख. सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरभर त्याच्यावर लक्ष ठेवायचं. काश्मीर आणि मध्य आशियातून निघून तो आफ्रिकेत थंडी काढायला जातो, आणि वाटेत पश्चिम भारतात थोडा टेकतो. आपला नेहमीचा नीलपंखही याच दिवसांत तारेवर दिसायला लागतो, म्हणून बघणारा "नीलपंखच आहे" म्हणून पुढे निघून जातो. नेहमीच्याची छाती तपकिरी असते आणि तिच्यावर पांढुरक्या रेघा असतात. पाहुण्याचं डोकं, मान, छाती, पोट सगळं एकसारखं फिकट निळं आणि पाठ दालचिनीच्या रंगाची. पण शरदात येतात त्यांत पहिल्या वर्षाची पिल्लं पुष्कळ, आणि त्यांच्याही छातीवर पुसट रेघा असतात. तेव्हा बसलेल्या पक्ष्यावरून पैज लावू नये, तो उडेपर्यंत थांबावं. आपला नीलपंख उडाला की पंखात गडद आणि फिक्या निळ्याचे झगझगीत पट्टे उघडतात. पाहुण्याचा पंख पुढे निळा आणि मागची सगळी उडायची पिसं काळपट. एकदा तो काळा पंख पाहिला की पुन्हा शंका येत नाही.

यंदा एक अगदी जवळून बघायला मिळाला. मी खांबाच्या बुडाशी परमिटची, म्हणजे लाइनीवर काम करायच्या परवानगीची, वाट बघत बसलो होतो आणि हा पुढच्याच खांबावर, व्ही क्रॉस आर्मच्या म्हणजे तारा पेलणाऱ्या लोखंडी आडव्याच्या टोकाला. पावसाळ्यानंतर सड्यावरचं गवत पिवळं पडायला लागतं तेव्हा नाकतोड्यांचा सुकाळ असतो. याने खाली सूर मारला, बोटभर लांबीचा नाकतोडा उचलला, परत वर येऊन तो लोखंडावर उजवीकडे एकदा, डावीकडे एकदा असा आपटला. खालपर्यंत टकटक ऐकू येत होती. एक तंगडी गळून माझ्या हेल्मेटवर पडली. मग नाकतोडा हवेत किंचित उडवून सरळ केला, डोकं पुढे करून गिळला आणि चोच त्याच लोखंडाला पुसली. हे सगळं चाललं असताना मागून आवाज आला, "काय रे झीला, वर काय बगतंस? लायट कदी येतली ता सांग आदी!" वरच्या वाडीतल्या आजी होत्या. मी दुर्बीण त्यांच्या हातात दिली. त्यांनी बराच वेळ बघितलं, "बरो आसा" एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा लाइटीचं विचारलं.

लोक हमखास विचारतात म्हणून सांगून टाकतो. उघड्या तारेवर बसून पाखराला शॉक कसा बसत नाही? दोन्ही पाय एकाच तारेवर, म्हणजे दोन्हीकडे विजेचा दाब सारखा. करंट जायला वाट हवी ना. एका वेळी दोन तारांना, किंवा तारेला आणि लोखंडाला अंग लागलं तर मात्र खेळ संपला. नीलपंखाएवढ्या पक्ष्याला तारेपासून तारेपर्यंत पंख पुरत नाहीत. मोठं वटवाघूळ मात्र पोचतं, आणि मग अर्ध्या रात्री माझा फोन वाजतो.

तर हे पाहुणे इथे का टेकतात? पुढे अरबी समुद्र आहे, त्यात बसायला जागा नाही. समुद्रावर निघण्याआधी अंगात चरबी साठवायची तर किडे भरपूर असलेली जागा हवी, आणि ऑक्टोबरातला सडा म्हणजे नाकतोडे, उडत्या वाळव्या आणि चतुर यांचं कोठार. गंमत अशी की परतीच्या वाटेवर, मार्च-एप्रिलात, युरोपियन नीलपंख आपल्याकडे जवळजवळ दिसत नाही. म्हणजे वर्षातून हीच एक खिडकी. ठिपकेदार माशीमारही याच खिडकीतला. चिमणीएवढा, मातकट, छातीवर पुसट रेघा. रंगरूपात बघण्यासारखं काही नाही, त्यामुळे कोणी दुसऱ्यांदा बघत नाही. काजूच्या सुक्या फांदीवरून हवेत झेपावतो, माशी टिपतो आणि बहुतेक वेळा त्याच फांदीवर परत येतो. हाही आफ्रिकेला निघालेला. लाल पाठीचा खाटीक अजून मला भेटलेला नाही. दर वर्षी प्रत्येक खाटकाची शेपटी आणि पाठ तपासतो, ते त्याच्यासाठी.

नोव्हेंबरात अमूर ससाण्यांची पाळी. ईशान्य चीन आणि रशियाच्या अमूर नदीच्या प्रदेशातून येणारा, जेमतेम दीडशे ग्रॅमचा ससाणा. नागालँडमध्ये दोयांग धरणाजवळ ते लाखोंनी उतरतात. २०१२ साली तिथली कत्तल जगापुढे आली, गावकऱ्यांनी २०१३ च्या हंगामात शिकार थांबवून दाखवली, आणि त्याच वर्षी तीन ससाण्यांना सॅटेलाइट टॅग लावले. नावं ठेवली नागा, वोखा आणि पांगती. तेव्हा कळलं की हे पक्षी भारत ओलांडून अरबी समुद्रावरून थेट आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे जातात, मध्ये न थांबता. आमच्याकडे थवा मिळाला तर नशीब, एरवी एखाद-दुसरा तारेवर दिसतो. नर पाटीच्या दगडासारखा करडा, पाय लालभडक, उडताना पंखाखाली पांढरं. मादी खालून पांढुरकी, ठिपक्या-रेघांची. बसलेला केस्ट्रेल या दुसऱ्या लहान ससाण्यासारखा वाटला तरी पायांकडे बघा. केस्ट्रेलचे पाय पिवळे.

हा ससाणा आणि पिवळा चतुर यांचं काहीतरी साटंलोटं आहे. पावसाळ्यात कातळावरच्या खळग्यांत साचलेल्या पाण्यात या चतुरांची पिलावळ वाढते. ते पाणी फार दिवस टिकत नाही, म्हणून वाढही झपाट्याने होते. पाऊस सरून वारा ईशान्येकडून वाहू लागला की चतुरांचे थवे समुद्रावर निघतात. चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने मालदीवमध्ये राहून त्यांच्या नोंदी ठेवल्या आणि २००९ साली मांडलं की हे चतुर भारताकडून आफ्रिकेपर्यंत जात असावेत. त्याच वेळी, त्याच वाऱ्यावर ससाणे, नीलपंख यांच्यासारखे किडे खाणारे पक्षीही निघतात, तेव्हा प्रवासात चतुर ही त्यांची शिदोरी असणार, असाही त्याचा तर्क. मला तो पटतो. इथे हल्ली सडे सुरुंग लावून फोडतात, वर माती ओततात आणि कलमं लावतात. आंब्यावर पोट असलेल्यांना मी काय सांगणार, माझेही चुलते बागायतदार आहेत. पण खळगे बुजले की चतुर गेले, एवढं तरी दिसतं.

किनाऱ्याबद्दल थोडक्यात. मिठमुंबरीला किंवा तांबळडेगला जायचं तर घड्याळ नको, कॅलेंडरवरची तिथी बघा. तिथीला तीनने गुणा आणि चाराने भागा, ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. ढोबळ हिशेब आहे, पण आमच्या घरी रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरायला, जायचं ते यावरच ठरायचं. त्या वेळेच्या दोनेक तास आधी पोचा. पाणी चढतं तसे चिखले आणि तुतवार हे किनाऱ्यावरचे छोटे पक्षी वर-वर सरकत तुमच्याकडे येतात, तुम्ही त्यांच्यामागे जायचं नाही. लडाख-तिबेटच्या पठारावर वीण करणारे लेसर सँड प्लोव्हर हे चिखले ऑगस्टातच हजर असतात, काहींच्या छातीवर उन्हाळ्यातला तांबडा रंग अजून शिल्लक असतो. हे प्रौढ पक्षी. त्यांची पिल्लं मागून येतात, आईबापांशिवाय, कधी न पाहिलेल्या किनाऱ्यावर. २०२३ मध्ये पक्षीनोंदींच्या ईबर्ड या संकेतस्थळाने या लेसर सँड प्लोव्हरचे सैबेरियन आणि तिबेटन असे दोन भाग केले. आपले बहुतेक तिबेटन, तेव्हा जुन्या याद्या एकदा बघून घ्या.

वादळवाऱ्यानंतर वाळूत एखादा मोठा, दमलेला समुद्रपक्षी बसलेला सापडतो. त्याला उचलून परत लाटेत फेकू नका. तोंडात पाणी ओतू नका, मासे कोंबू नका. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ वर फोन करा. सेल्फी काढायला गाव गोळा झालं की अर्धा जीव तिथेच जातो.

नोंदींचं सांगायचं तर ईबर्डवर असं काही टाकलं की समीक्षकाची मेल येते, फोटो आहे का? काही जणांना त्याचा राग येतो. मला येत नाही. फोटो नसेल तेव्हा मी पंखाचा रंग, बसण्याची जागा, अंतर, उजेड कुठून होता, सगळं लिहून पाठवतो. मान्य झालं तर ठीक, नाही झालं तर पक्षी मी पाहिलेला असतोच. ठिकाण मात्र ग्रुपवर लगेच टाकत नाही. खांब नंबर तर नाहीच नाही. मागे एका खांबाखाली चार गाड्या येऊन थांबल्या, दारं धडाधड वाजली, आणि समुद्रापुढे पोट भरायला बसलेला पक्षी दिवसभर या खांबावरून त्या खांबावर पळत राहिला. तेव्हापासून पक्षी पुढे गेला की मगच नोंद टाकतो. चिडतात लोक, चिडू देत.

देवगड बंदरात कुरव, म्हणजे सीगल, आलेत असं कळलंय. या रविवारी ड्यूटी नाही, आणि तिथी बघितली तर भरती सकाळी साडेनऊच्या सुमारास आहे. कोणाला यायचं असेल तर सांगा. लांबून बघायची तयारी असेल तरच.