एक मिनिट बारा सेकंद

आमच्या टेबलावरच्या रिमोटला चालू आणि बंद करायला एकच बटण होतं. एकदा दाबलं की घड्याळ सुरू, परत दाबलं की बंद. त्या दिवशी माझं बोट दोनदा पडलं.

बेळगावात, टिळकवाडीतलं सिमेंटचं कोर्ट. डिसेंबरची सकाळ, कॉलेजच्या पोरांची बास्केटबॉलची मॅच. मी टायमर, म्हणजे खेळाचं घड्याळ चालवणारा. चौथा क्वार्टर चालू होता, एका संघानं बास्केट टाकली आणि दोन गुणांची आघाडी घेतली. शेवटच्या दोन मिनिटांत बास्केट झाली की घड्याळ थांबवायचं असतं, त्याआधी तसं नसतं. मी थांबवलं. बोर्डावर १:१२. मग थ्रो-इन झाला, म्हणजे रेषेबाहेरून चेंडू आत टाकला, तो आतल्या पोराच्या हाताला लागला, पंचांनी वर धरलेला हात खाली आणला आणि मी बटण दाबलं. थंडीनं बोटं आखडलेली. बटण परत खाली गेलं ते मला कळलंच नाही.

इथपर्यंतची चूक बोटाची. पुढची पूर्ण माझी. बटण दाबल्यावर आकडा हलतोय का हे आधी बघायचं असतं, आणि मी खेळ बघत बसलो. मागच्या पायऱ्यांवरून कोणीतरी ओरडलं, "घड्याळ बघ की गा! झोपलास काय?" तोवर फाउलची शिट्टी झाली. बोर्डावर अजून १:१२.

पुढे असलेल्या संघाचे सर तावातावानं टेबलाशी आले. समोरच्यांना मी फुकटची वेळ दिली होती, त्यामुळे त्यांचं बरोबरच होतं. दुसरे सर गोकाककडचे, ते कन्नडमधून म्हणायला लागले की खेळ होऊन गेला, फाउल झाला, आता मागचं घड्याळ कसं बदलता? मला दोन्ही भाषा कळतात, म्हणून शिव्याही दोन्हीकडच्या कळल्या. (कन्नडमध्ये घड्याळाला गडियार म्हणतात आणि सीमेला गडी. आमच्याकडं दोन्हींवरून भांडणं होतात.)

मुख्य पंच टेबलाजवळ आले. मला वाटलं आता मला झापणार. त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. शॉट क्लॉकवर, म्हणजे बास्केटकडं चेंडू मारायची २४ सेकंदांची मुदत उलटी मोजणाऱ्या घड्याळावर, बसलेल्या मुलीला विचारलं, "तुझं किती दाखवतंय?"

"पंधरा, सर."

तिचं यंत्र वेगळं होतं आणि तिनं बोट बरोबर ठेवलं होतं. बास्केटनंतरचा नवा ताबा, म्हणजे शॉट क्लॉक २४ पासून सुरू झालेलं. थ्रो-इनचा चेंडू आतल्या खेळाडूला लागला त्याच क्षणी दोन्ही घड्याळं चालू व्हायला हवी होती. २४ मधून १५ वजा केले, म्हणजे नऊ सेकंद गेलेले. १:१२ मधून नऊ सेकंद काढा. पंच म्हणाले, "एक मिनिट तीन सेकंद लाव." फाउल कायम. गोकाकचे सर अजून काही बोलणार, तर ते शांतपणे म्हणाले, "स्कोअरशीटवर माझी सही व्हायचीय अजून."

या सहीच्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. घरी जाऊन नियमांचं पुस्तक काढलं. इंग्रजीतलं, मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला एका ओळीला तीनदा वाचावं लागतं असलं. पण त्या हिवाळ्यात मी ते वाचून काढलं आणि पंचाची परीक्षा द्यायचं ठरवलं.

फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या, नियमांत ४४ वा नियम दुरुस्त करता येणाऱ्या चुकांचा आहे. आम्ही सगळे त्यावरून गोंधळतो, गोकाकचे सरही त्यातच अडकले होते. नको असलेला फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारी मोकळी फेक) देणं, द्यायचा तो न देणं, चुकीच्या खेळाडूनं फ्री थ्रो मारणं, गुण चुकून देणं किंवा काढणं, एवढ्याच चुका त्यात येतात. त्या सुधारायला मुदत आहे आणि ती आखूड आहे. चूक झाल्यावर घड्याळ चालू झालं, मग पहिल्यांदा चेंडू मृत झाला, म्हणजे खेळ थांबला, की तो परत जिवंत व्हायच्या आत चूक कुणाच्या तरी लक्षात आली पाहिजे. चेंडू जिवंत झाला की ती वेळ गेली. मधल्या काळात झालेले गुण आणि फाउल तसेच राहतात.

घड्याळाच्या चुका या यादीत नाहीत. गेलेला किंवा न मोजलेला वेळ, गुण लिहिताना झालेली चूक, फाउलची किंवा टाइम-आउटची मोजणी, हे सगळं मुख्य पंचाची स्कोअरशीटवर सही होईपर्यंत केव्हाही सुधारता येतं. सही झाली की संपलं. पुस्तकातलं ते वाक्य सापडलं तेव्हा त्या सकाळचे पंच डोळ्यापुढं उभे राहिले.

आमच्या क्लबातले एक वयस्कर सर घड्याळाचा विषय निघाला की म्युनिकवर जात. १९७२ च्या ऑलिंपिकची अंतिम लढत, १० सप्टेंबर. अमेरिकेच्या डग कॉलिन्सनं दोन फ्री थ्रो टाकले आणि अमेरिका ५०-४९ अशी पुढं गेली, तेव्हा तीन सेकंद राहिले होते. सोव्हिएत संघानं चेंडू आत टाकला, खेळ थांबला तेव्हा घड्याळात एकच सेकंद. फिबाचे सरचिटणीस विल्यम जोन्स खाली आले आणि तीन सेकंद परत लावायला सांगितले. पुन्हा चेंडू आत गेला, पण घड्याळ नीट लागलेलंच नव्हतं. भोंगा वाजला, अमेरिकन पोरं नाचायला लागली. मग तिसऱ्यांदा तीच तीन सेकंदं. अलेक्झांडर बेलोव्हनं बास्केट टाकली, ५१-५०. अमेरिकेच्या खेळाडूंनी रौप्यपदकं घेतली नाहीत ती नाहीतच. सर हे सांगताना दरवेळी टेबलावर तीनदा बोट आपटायचे.

परीक्षेसाठी राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्रभर बसून बेंगळुरूला गेलो. सोबत कुंद्याचा डबा होता, वाटून संपला. शटल रनमध्ये, म्हणजे धावण्याच्या चाचणीत, फुप्फुसं बाहेर यायची वेळ आली, त्यावर जास्त बोलत नाही. लेखी पेपर बरा गेला. तोंडीत घसरलो.

परीक्षकांनी विचारलं, "टायमरची चूक तुम्ही कधी सुधारणार?" मी छाती फुगवून सांगितलं, नेमकी किती वेळ गेली याची पक्की माहिती असेल तरच. त्यांनी विचारलं, "हे कुठं वाचलंत?" मी गप्प. मोबाइलवर अमेरिकेतल्या शालेय बास्केटबॉलचे व्हिडिओ बघून बघून त्यांचा नियम माझ्या तोंडात बसला होता. तिथं पंचाकडे पक्की माहिती हवी असं स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि पंचानं स्वतः केलेली मोजणी ती माहिती म्हणून चालते. परीक्षक म्हणाले, "चांगला नियम आहे. पण इथं मी फिबा विचारतोय." मग मी सहीचं वाक्य सांगितलं. ते म्हणाले, हं. पास झालो, काठावर.

माझं मत विचाराल तर केव्हापर्यंत सुधारायचं हे सांगणं सोपं, किती सुधारायचं हे अवघड. मोठ्या स्पर्धेत पंचांना व्हिडिओ बघता येतो. आमच्याकडं कधी शॉट क्लॉकही नसतं. म्हणून मी एक सवय लावून घेतली आहे: प्रत्येक शिट्टीला आधी बोर्डाचा आकडा वाचायचा, मग बाकीचं. सुरुवातीला दोन-तीनदा यात फाउल कुणाचा हे विसरलो, खोटं कशाला बोला.

मागच्या वर्षी खानापूरकडं शाळांच्या मॅचेस होत्या. शॉट क्लॉक नाही, टायमरला नववीतला पोरगा. दुसरा क्वार्टर, बोर्डावर ४:३०. थ्रो-इन मागच्या कोर्टातच मिळाला आणि मी हात हलवत, चेंडू अर्ध्या रेषेपलीकडं न्यायला मिळणाऱ्या आठ सेकंदांची मोजणी चालू केली. पाचाला चेंडू अर्धी रेषा ओलांडून गेला, मोजणी सोडली. पुढं दोन पास झाले आणि चेंडू बाहेर गेला. शिट्टी मारून सवयीनं वर बघितलं. ४:३०.

टेबलाशी गेलो. पोरगा रडवेला झालेला, त्याचं बोट अजून बटणावरच. दुसऱ्या पंचाला विचारलं, त्यानं मान हलवली, त्यानं मोजलेलं नव्हतं. एक सर म्हणाले दहा सेकंद गेली, दुसरे म्हणाले सहाच.

"सर, किती लावू?" पोरानं विचारलं.

"चार पंचवीस."

"दोन पास झाले नंतर," पहिले सर म्हणाले. "ते कुठं गेले?"

"ते मी मोजले नाहीत, सर," म्हटलं आणि चेंडू मागितला.